जे परत आले नाहीत, त्यांचे कान

तुझा थीसिस मी पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला. आता समोर बस आणि मी बोलते ते पूर्ण ऐकून घे. मध्येच 'पण मॅडम' करू नकोस. तुला जे म्हणायचं होतं ते तू लिहून मोकळा झालायस, आता माझी पाळी आहे.

विषय तू स्वतः निवडलास आणि विषय चांगला आहे. कानाचा फुटलेला पडदा एंडोस्कोपने दुरुस्त करायचा, तर ठिगळ, म्हणजे ग्राफ्ट, कशाचं लावावं? कानावरच्या स्नायूच्या आवरणाचं, म्हणजे टेम्पोरॅलिस फेशियाचं, की कानाच्या तोंडाशी असलेल्या ट्रॅगसच्या कूर्चेचं? आपल्या ओटीत हा प्रश्न रोज उभा राहतो. तू तो हाती घेतलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. शेवटच्या पानावर तू ठणकावून लिहिलंयस की कूर्चा सरस. असेलही. आजवरचे अभ्यास एकत्र मांडले तर पडदा बंद होण्यात कूर्चेचं पारडं थोडं जड दिसतं आणि ऐकू येण्यात दोघांत म्हणावा असा फरक दिसत नाही. तुझं उत्तर त्यांच्याशी जुळलं म्हणून मी डोळे झाकून सही करीन, असं वाटलं असेल तर ते डोक्यातून काढून टाक. दुसऱ्यांच्या उत्तराशी जुळणारं उत्तर काढायला तीन वर्षं लागत नाहीत. तुझ्याकडून मला तुझ्या रुग्णांची खरी हकीकत हवी होती, आणि ती या कागदांत नाही.

तक्ता पाचवा उघड. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'पाठपुरावा पूर्ण न झालेले रुग्ण विश्लेषणातून वगळले.' बस्स, एवढंच. किती वगळले, कोणत्या गटातले वगळले, ते का आले नाहीत, त्यांना बोलावायचा काय प्रयत्न केला, यातलं एक अक्षर नाही. या एका ओळीत तुझा सगळा अभ्यास बुडाला आहे.

हिशेब करून दाखवते, म्हणजे मी उगाच रागावते आहे असं वाटणार नाही. समज, एका गटात 30 जण होते. सहा महिन्यांनी 24 आले आणि त्यातल्या 22 जणांचा पडदा बंद होता. तू लिहिणार 92 टक्के यश. न आलेल्या सहा जणांचेही पडदे टिकले असतील तर आकडा जातो 93 वर. सहाही फुटले असतील तर तो येतो 73 वर. 73 आणि 93 यांच्यामध्ये केवढी दरी आहे बघ. कूर्चा आणि फेशिया यांच्यातला जो फरक तू सिद्ध केला म्हणतोस, तो या दरीत कुठल्या कुठे हरवून जातो. मग तुझा निष्कर्ष कशावर उभा आहे? जे आले त्यांच्यावर. आणि आले कोण? ज्यांना येणं परवडलं ते.

मी तुझे केसपेपर काढून पत्ते वाचले. दादर, अंधेरी, बोरिवलीची माणसं बहुतेक सगळी आली. विरारच्या पलीकडची गळाली. वैतरणा, सफाळे, केळवे, बोईसर. मी स्वतः सफाळ्याची आहे, हा पट्टा मला नकाशावरून शिकावा लागलेला नाही. डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली ती 2013 मध्ये, आणि अजूनही विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. एक चुकली तर फलाटावर ताटकळत बसायचं. आपल्या ओपीडीची नोंदणी सकाळी बंद होते. वैतरण्याहून निघालेला माणूस वेळेवर पोचायचा असेल तर त्याने अंधारात घर सोडायला हवं, आणि त्याचा तो दिवस, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, गेलीच म्हणून समजायची. वाढीव गावाचं तर विचारूच नकोस. वैतरणा आणि सफाळे या दोन स्टेशनांच्या मधलं ते बेट. एका बाजूला 92 नंबरचा रेल्वेपूल, दुसऱ्या बाजूला 93 नंबरचा. गावातली माणसं वर्षानुवर्षं त्या पुलावरून, रुळांच्या कडेने चालत स्टेशन गाठत आली आहेत. बाळंतीण असो की शाळकरी पोर, वाट तीच. खाली खाडी, आणि शेजारून राजधानी धडधडत जाते. त्या वाटेने येऊन तुला कान दाखवायचा, तू आत डोकावून 'ठीक आहे' म्हणायचं, आणि त्याने परत जायचं. कान दुखत नसेल तर कोण येईल? आणि दुखत असेल, वाहत असेल, तर 'मुंबईच्या डॉक्टरने केलं आणि फुकट गेलं' असं म्हणून तो जवळच्या कुणाकडे जाईल, किंवा घरी लसणाचं तेल घालत बसेल. म्हणजे न येणाऱ्यांत बरे झालेलेही असतात आणि बिघडलेलेही. कोण किती, ते शोधून काढणं हेच तुझं काम होतं. तेवढंच टाळून तू बाकीचं सगळं केलंस.

डिस्चार्ज कार्डावर तू काय लिहून दिलं होतंस तेही पाहिलं. इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, एक, तीन आणि सहा महिन्यांनी या. तारीख नाही. वार नाही. कोणत्या खिडकीशी, कोणाला भेटायचं ते नाही. ते कार्ड घरी वाचणार कोण? फॉर्मवर फोन नंबर एकच, आणि तो बऱ्याच ठिकाणी मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा. तुला पहिल्या दिवशी दोन नंबर मागता आले असते. गावच्या आशाताईचं नाव लिहून घेता आलं असतं. सहा महिन्यांचा पाठपुरावा ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सुरू होतो, माणूस समोर खाटेवर बसलेला असतो तेव्हा. शेवटी घाईघाईने फोन फिरवून 'स्विच ऑफ' लिहिण्याला पाठपुरावा म्हणत नाहीत. त्याला पाट्या टाकणं म्हणतात.

आता एक केसपेपर नीट बघ. पुरुष, तिशीतला, वैतरणा. व्यवसाय या रकान्यात तू लिहिलंयस 'मजूर'. एक शब्द लिहिलास आणि पुढे सरकलास. मी आतल्या पानावर नर्सने केलेली नोंद वाचली. ती माझ्या मते तुझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाची आहे. तिने लिहिलंय: रेतीवर डुबी मारतो.

वैतरणेच्या खाडीत रेती कशी काढतात, माहीत आहे का तुला? होडी पाण्यात उभी करतात. बांबू तळाशी रोवतात. माणूस श्वास रोखून, बादली घेऊन, त्या बांबूच्या आधाराने खाली उतरतो, गढूळ पाण्यात चाचपडत तळाची रेती बादलीत भरतो आणि वर येतो. वरचे भिडू बादली ओढून होडीत रिकामी करतात. थोडा दम घेतला की परत खाली. सरकारी कागदांत या पद्धतीला हातपाटी, डुबी अशी नावं आहेत. नाकातोंडाला कसलंही साधन नाही, आणि अशा बुड्या दिवसभर.

आता तुझं शास्त्र त्याच्या कानाशी आणून बघ. पाण्यात 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, आणि पडद्यामागची हवा निम्म्या जागेत दाबली जाते. पहिल्या काही मीटरांतच हा बदल सगळ्यात जोरात जाणवतो. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी वेळेवर उघडली तर हवा आत जाते आणि तोल सांभाळला जातो. सर्दी असेल, नळी सुजलेली असेल, तर पडदा आत ओढला जातो, रक्त साकळतं, फुटतो. फुटल्यावरही माणूस कामावर जातोच, कारण रेती थांबली की चूल थांबते. मग खाडीचं पाणी थेट मध्यकर्णात शिरतं. कान वाहायला लागतो. याहून भयंकर गोष्ट अशी की छिद्रातून थंड पाणी आत गेलं की आतल्या तोलाच्या इंद्रियाला धक्का बसतो आणि गरगरायला लागतं. जमिनीवर गरगरलं तर माणूस भिंतीला धरतो. गढूळ पाण्यात, तळाशी, श्वास रोखलेला असताना गरगरलं तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. या माणसाच्या कानातलं छिद्र म्हणजे फक्त कमी ऐकू येण्याची तक्रार नव्हती. त्यात त्याचा जीव जाऊ शकत होता.

आणि तू त्याला काय सल्ला दिलास? छापील कागद दिलास: 'कानात पाणी जाऊ देऊ नका, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीनचा बोळा लावा.' जो माणूस पोटासाठी रोज खाडीच्या तळाला जातो, त्याला आंघोळीचा बोळा! किती महिने पाण्यात उतरायचं नाही, तोवर घरात काय शिजणार, होडीवर वरचं काम, बादल्या ओढण्याचं, मिळेल का, पुन्हा उतरायच्या आधी नाक दाबून कानात हवा जाते की नाही ते कुठे आणि कोणी तपासायचं, यातला एक प्रश्न तू विचारला नाहीस. विचारला असतास तर ग्राफ्ट निवडतानाही तुझा हात थांबला असता. या कानाला नुसतं बंद होणं पुरेसं नव्हतं. त्याला दाबाखाली टिकायचं होतं. तू त्याला फेशिया लावलास, कारण त्या महिन्यात फेशियाचे रुग्ण भरायचे होते.

इथे मी दुसऱ्या दोषाकडे येते, आणि हा पहिल्याहून गंभीर आहे. सिनॉप्सिसमध्ये तू एथिक्स कमिटीला लिहून दिलंस की कोणाला कोणता ग्राफ्ट हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीने ठरेल. ते लिफाफे कुठे आहेत? मी ऑपरेशनच्या तारखा ओळीने लावल्या. पहिल्या काळात जवळजवळ सगळा फेशिया, नंतरच्या काळात जवळजवळ सगळी कूर्चा. चिठ्ठ्या अशा पडत नाहीत. तू आधी एक गट उरकलास, मग दुसरा.

यातून काय झालं, ते तुझ्या लक्षात तरी आलंय का? एंडोस्कोपने कान करणं सोपं नाही. मायक्रोस्कोप सरळ रेषेत बघतो. कानाच्या नळीचा पुढचा उंचवटा आड आला की पडद्याची पुढची कड दिसतच नाही, म्हणून कानामागे चीर द्यायची, हाड कोरायचं. एंडोस्कोपचा डोळा अरुंद भागाच्या पलीकडे जाऊन बघतो आणि पुढची कड पूर्ण समोर येते. दुबईच्या मुआझ ताराबिशींनी 1990 च्या दशकात हे काम नेटाने पुढे नेलं आणि जगभरच्या कानाच्या सर्जनांनी त्याची दखल घेतली. पण त्याची किंमत एका हाताची असते. डाव्या हातात स्कोप, उजव्या हातात हत्यार. रक्ताचा एक थेंब आला तरी सक्शन धरायला तिसरा हात नाही, आणि काचेवर वाफ धरते ती वेगळीच. आपल्याच महाराष्ट्रात, तळेगाव दाभाड्याला, डॉ. मुबारक खान आणि डॉ. सपना परब यांनी यावर विचार करून स्कोप धरून ठेवणारी अडणी तयार केली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. अडचण ओळखून तिच्याशी झगडणं कसं असतं ते त्यांच्या कामातून शिक. तुझ्या थीसिसच्या संदर्भसूचीत त्यांचं नाव आहे, त्यांची तळमळ मात्र कुठे उतरलेली दिसत नाही.

एका हाताने काम करायला प्रत्येकाला वेळ लागतो. तुलाही लागला, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझी पहिली ऑपरेशनं मी पाहिली आहेत: स्कोप सारखा धुवायला बाहेर, नळीची कातडी फाटलेली, ग्राफ्ट सरकलेला. नंतरची पाहिली आहेत: हात बसला होता, वेळ निम्म्यावर आला होता. पण पहिली सगळी फेशियाच्या खात्यात गेली आणि नंतरची सगळी कूर्चेच्या खात्यात. तुझा हात सुधारला आणि शाबासकी कूर्चेला मिळाली. कच्च्या हाताचं खापर फेशियावर फुटलं. 1950 च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सोल्नर यांनी टिंपॅनोप्लास्टीचा, म्हणजे पडदा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा, पाया घातला तेव्हा कातडी वापरत; ती आत ओलसर राही, सोलवटून येई. तो अनुभव गाठीशी आल्यावरच साठच्या सुमारास सर्जन फेशियाकडे वळले, आणि तेव्हापासून असंख्य कान त्याने बुजवले आहेत. त्या ग्राफ्टवर तू अशा मोजमापाने दोषारोप करतोस?

कूर्चेच्या बाबतीतही तू ढिसाळ आहेस. तक्त्यात नुसतं 'कूर्चा' असा रकाना आहे. कोणती कूर्चा? ट्रॅगसची कूर्चा साधारण एक मिलिमीटर जाड असते. निसर्गाने दिलेला पडदा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे जशीच्या तशी बसवली तर मूळच्या दहापट जाड तुकडा तू आवाजाच्या वाटेत उभा करतोस. ड्रेस्डेनच्या त्सानर्ट आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मोजून दाखवलं की कूर्चा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून पातळ केली तर आवाज पुरेसा पलीकडे जातो आणि तरीही ती दाबाखाली तग धरते. म्हणून तर कूर्चा कापून पातळ करण्याची हत्यारं निघाली, तळेगावच्या मंडळींनी ट्रॅगसच्या जाडीची मोजमापं घेतली. तुझ्या केसपेपरांत कुठे अख्खी कूर्चा आहे, कुठे पातळ केलेली, कुठे मधोमध कूर्चेचं बेट ठेवून भोवती पेरिकॉन्ड्रियमची, म्हणजे कूर्चेवरच्या आवरणाची, झालर, आणि दोन ठिकाणी तर कूर्चा टाकून देऊन नुसतं पेरिकॉन्ड्रियम. चार वेगळ्या वस्तू तू एका रकान्यात कोंबल्यास. जाडी एकाही कागदावर नाही. ओटीत कॅलिपर होता. पाच सेकंदांचं काम होतं.

कूर्चा काढताना तू काय करतोस ते तुला आठवतं का, की हात आपोआप चालतो? ट्रॅगसच्या आतल्या बाजूने, कडेपासून दोन मिलिमीटर सोडून चीर. ती कड सोडायची, कारण तीच ट्रॅगसचा आकार धरून ठेवते. मग कातडी बाजूला करून, दोन्ही अंगांचं पेरिकॉन्ड्रियम धरून, कात्रीने तुकडा बाहेर. एका छोट्या चिरेत काम होतं, तेही नळीच्या तोंडाशीच, म्हणून एंडोस्कोपवाल्यांना ती सोयीची. फेशियासाठी कानाच्या वर केसांत वेगळी चीर लागते. वाळवलेला फेशिया आत नेला की रक्ताच्या एका थेंबाने पतंगाच्या ओल्या कागदासारखा गुंडाळतो, आणि दुसरा हात नसताना तो उलगडणं जिकिरीचं. कूर्चा ठेवली तिथे राहते. म्हणजे एंडोस्कोपखाली कूर्चा सरस ठरण्यात तिच्या टिकाऊपणाचा वाटा किती आणि एका हाताच्या सोयीचा वाटा किती, हा तुझ्या विषयाचा खरा गाभा होता. चर्चेच्या प्रकरणात मी तो शोधत राहिले. तू तिथे इतरांच्या अभ्यासांतले टक्के एकाखाली एक उतरवून काढले आहेस.

ऑडिओग्रामकडे वळते. बोईसरचे जे रुग्ण आले, त्यांतले काही तारापूरच्या एमआयडीसीत काम करणारे आहेत. वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाची आतली नस दमलेली असते, चार हजार हर्ट्झवर ऑडिओग्राम खाली कोसळलेला दिसतो. त्याचा पडदा तू कितीही सुरेख बुजव, ती नस परत येत नाही. म्हणूनच आपण हवेतून आणि हाडातून अशी दोन्ही ऐकण्याची पातळी मोजतो आणि दोन्हींमधलं अंतर किती कमी झालं ते बघतो. सर्जनचं यश त्या अंतरात असतं. तू काय केलंस? नुसत्या हवेतल्या ऐकण्याची सरासरी काढून 'सुधारणा' म्हणून मांडलीस. कारखान्यातला माणूस ज्या गटात जास्त पडला तो गट तुझ्या हिशेबात आपोआप हरला. एका केसमध्ये तर कानातल्या हाडांची साखळीच झिजून तुटलेली होती, तू स्वतः ऑपरेशन नोट्समध्ये लिहिलंयस, आणि तरी त्याचं कमी ऐकणं ग्राफ्टच्या नावावर टाकलंस. हे अज्ञान नाही. हे तुला येतं. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर तू घडाघडा सांगितलं असतंस. तू लक्ष दिलं नाहीस, आणि मला चीड त्याचीच आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, ज्याच्याजवळ तू फिरकलाही नाहीस. जो माणूस परत येऊ शकत नाही, त्याला कोणता ग्राफ्ट द्यायचा?

एका बाजूने वाटतं, त्याला कूर्चाच द्यावी. दणकट, आकसत नाही, आत ओढली जात नाही. पुन्हा फुटला तर तो दुसऱ्यांदा ऑपरेशनला येण्याची शक्यता कमी, तेव्हा एकदाच काय ते पक्कं करावं. पण दुसरी बाजू बघ. फेशियाने झालेला पडदा बराचसा पारदर्शक असतो. उद्या मागे पाणी साठलं तर गावातला डॉक्टरही साध्या ओटोस्कोपने ओळखू शकतो. कूर्चा अपारदर्शक. तिच्यामागे पाणी साठू दे, कातडी शिरून तिची गाठ, म्हणजे कोलेस्टिएटोमा, वाढू दे, समोरून सगळं पांढरं आणि छान दिसतं. टिंपॅनोमेट्रीही धड सांगत नाही, कारण कडक पडदा हलतोच कमी. नियमित येणाऱ्या रुग्णात आपण ऐकणं घटलं का ते बघतो, शंका आली तर स्कॅन काढतो. वाढीवचा माणूस कुठला स्कॅन काढणार? म्हणजे ज्याला मजबूत ग्राफ्टची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच कानात रोग लपून राहिला तर पकडायला कोणी नाही.

याचं सरधोपट उत्तर माझ्याकडे नाही आणि कुठल्या पुस्तकातही नाही, पण विचार कुठून सुरू करायचा ते मला माहीत आहे. छिद्र मधलं आणि साधं आहे, कान कोरडा आहे, कातडी आत शिरलेली नाही हे एंडोस्कोपने कानाकोपऱ्यांत, साइनस टिंपनीपर्यंत, डोळ्यांनी खात्री करून घेतलंस, तर डुबी मारणाऱ्या माणसाला पातळ केलेली कूर्चा लावायला मी तयार होईन. कातडी शिरल्याची शंका असेल तर कूर्चेने झाकून टाकायला तयार होणार नाही, मग तो कितीही लांबून आलेला असो. अर्धा भाग कूर्चा आणि पुढचा भाग पेरिकॉन्ड्रियम, म्हणजे बळही मिळेल आणि डोकावायला खिडकीही राहील, असंही करता येतं. दुसऱ्या कानाची अवस्था काय, नळी किती चालते, तंबाखू-बिडी आहे का, कामाला परत कधी जायचंय, हे सगळं त्या निर्णयात येतं. तुझ्या प्रोफॉर्मात यातला एकही रकाना नाही. दुसऱ्या कानाबद्दल एक शब्द नाही! एकच कान चालू असलेल्या माणसाच्या चालू कानाला तू हात घालत नव्हतास ना, हे मला नोंदीवरून कळायला नको?

तू हुशार आहेस, हे मी कधी नाकारलेलं नाही. तुझा हात चांगला बसला आहे, रुग्णांशी बोलताना आवाज मऊ असतो, रात्री-अपरात्री ड्रेसिंगला उठतोस. म्हणूनच हे इतकं लागतं. आळशी मुलाचा असा थीसिस आला असता तर मी तो बाजूला ठेवला असता आणि दुसऱ्या कामाला लागले असते. तुझ्याकडून असा कागद येणं म्हणजे तुला कोणीतरी शिकवलंय की थीसिस ही डिग्रीच्या वाटेवरची एक अडचण आहे, ती पार करायची आणि विसरायची. हे ज्याने शिकवलं त्याचं ऐकू नकोस. उद्या कोणी रेसिडेंट तुझा हा निष्कर्ष वाचून कोणाच्या तरी कानात कूर्चा बसवेल. तो कान तुझ्या भरवशावर असेल.

सही मी करत नाही. काय करायचं ते लिहून घे.

आजपासून न आलेल्या प्रत्येकाची यादी कर, गटासकट. फोन लागले नाहीत तर आरोग्य केंद्रांना पत्रं लिही, मराठीत, मी सही करते. आशाताईंना कळव. पालघर, बोईसर, सफाळे आणि वैतरणा इथे रविवारी आपण जाऊ. आपण म्हणजे तू आणि मी, तुझ्या ज्युनिअरला पाठवायचं नाही. ओटोस्कोप, फोनला लागणारा कॅमेरा, 512 चा ट्यूनिंग फोर्क आणि हातात मावणारा ऑडिओमीटर, एवढं पिशवीत मावतं. ज्यांना मुंबईला येता येत नाही त्यांच्या कानापर्यंत आपण जायचं. घरी जाऊन तपासलेला आणि ओपीडीत तपासलेला, असे दोन वेगळे रकाने कर, कारण दोन्ही तपासण्या सारख्या नाहीत. जे तरीही सापडणार नाहीत, त्यांचा आकडा पाचव्या तक्त्यात ठळक अक्षरात, पहिल्या ओळीत. दोन्ही टोकांचे हिशेब दे: सगळे टिकले तर किती, सगळे फुटले तर किती.

लिफाफ्यांबद्दल जे घडलं ते पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिही आणि एथिक्स कमिटीला तू स्वतः कळव. मखलाशी नको. यादृच्छिक हा शब्द काढून टाक आणि 'क्रमाने केलेली दोन गटांची तुलना' असं लिही. निष्कर्ष छोटा होईल. होऊ दे. कूर्चेचे चार प्रकार वेगळे कर. ज्यात जाडी नोंदलेली नाही तिथे 'नोंद नाही' लिही, अंदाजाने आकडा टाकलेला मला दिसला तर आपला संबंध संपला असं समज. ऑडिओग्राम पुन्हा काढून हवा आणि हाड यांच्यातलं अंतर मांड, साखळी तुटलेली केस वेगळी काढ, कारखान्यातल्या रुग्णांची नोंद वेगळी कर.

आणि व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' हा शब्द मला पुन्हा दिसता कामा नये. कसला मजूर, कुठे, पाण्यात की आवाजात की धुळीत, ते लिही.

वैतरण्याचा तो रेतीवाला पहिला. त्याला आपण स्टेशनवर बोलवायचं नाही, ओहोटीची वेळ विचारून बंदरावर जायचं. त्याचा पडदा फुटला असेल तर तो तुझ्या तक्त्यात अपयश म्हणून जाईल, आणि त्याचं दुसरं ऑपरेशन कधी, कशाने आणि त्या महिन्यांत त्याच्या घरी काय, हे आपण तिथेच त्याच्या बायकोसमोर बसून ठरवू. यादी मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टेबलावर हवी.